निवडुंगाची रात्रपाळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाल्कनीचं ऊन गेलं. समोरच्या प्लॉटवर कित्येक वर्षं रखडलेलं बांधकाम एकदाचं अकराव्या मजल्यापर्यंत चढलं आणि माझे बावीस निवडुंग कायमचे सावलीत गेले. (बायकोच्या मते चोवीस. दोन तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहेत, ते मी मोजत नाही.) त्यात पुण्यातला जुलै. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

अशा वेळी इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं. पुस्तकांचं एक जुनं रॅक रिकामं केलं, त्याला एलईडीच्या पट्ट्या ठोकल्या, एक स्वस्तातला लक्समीटर मागवला आणि गणित मांडलं. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. ट्यूबलाईट लावलेल्या हॉलमध्ये दोन-तीनशे. डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळा फार समजूतदार आहे, पण झाड तसं नाही. माझ्या रॅकवर पट्ट्यांपासून वीतभर खाली आठ हजार लक्स येत होते. म्हणजे कमीच. पण शेवटी झाडाला मिळणारा उजेड म्हणजे प्रखरता गुणिले तास, बरोबर? ऊन संध्याकाळी जातं, एलईडी कुठे जाते? तर तास वाढवू. टायमर घेतलाच नाही. दिवे चोवीस तास चालू.

तेव्हा आई आमच्याकडे आली होती. रात्री पाणी प्यायला उठली तर हॉलमध्ये लखलखाट. सकाळी म्हणाली, "अरे, झाडांना झोपू दे की जरा." आमच्याकडे लहानपणी तिन्हीसांजेनंतर तुळशीचं पानसुद्धा तोडू देत नसत, झाड झोपलंय म्हणून. मी आईला प्रखरता गुणिले तास समजावून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आईचं "बरं" म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत असतं.

डिसेंबर आला. गोल निवडुंगांची डोकी फिकट आणि निमुळती झाली होती, म्हणजे प्रखरता पुरत नव्हतीच. आदल्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून फुललेला ख्रिसमस कॅक्टस आणला होता, त्याला एकही कळी नाही. मग मी नेहमीसारखा, नुकसान झाल्यावर, वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की माझं ते गणित माझं नव्हतंच. ते १८८० सालचं आहे, आणि मांडणारा माझ्यापेक्षा फारच मोठा इंजिनिअर होता.

त्याचं नाव कार्ल विल्हेल्म सीमेन्स. हो, तेच सीमेन्स. बर्लिनमध्ये कंपनी काढणाऱ्या वेर्नेरचा हा धाकटा भाऊ. इंग्लंडला गेला, तिथलाच झाला, आणि विल्यम सीमेन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. पोलाद वितळवायची त्याची भट्टी जगभर गेली. लंडन ते कलकत्ता ही १८७० साली सुरू झालेली तारेची लाईन या भावांचंच काम. टनब्रिज वेल्स या गावाजवळ शेरवुड नावाचं त्याचं घर होतं. तिथे त्याने वाफेचं इंजिन बसवलं, त्यावर डायनॅमो, आणि डायनॅमोवर आर्क लॅम्प. आर्क लॅम्प म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये उडणारी अखंड ठिणगी. वेल्डिंगचा उजेड आठवा, साधारण त्या जातीचा. घरात वापरायचा बल्ब तेव्हा जेमतेम जन्मला होता.

पहिला प्रयोग मला फार आवडला, कारण तो आजच्या कुठल्याही नीट टेस्टिंगसारखा आहे. मोहरी, गाजर, शेंगा, काकडी, खरबूज अशा झपाट्याने वाढणाऱ्या रोपांच्या कुंड्या घेतल्या आणि त्यांचे चार गट केले. एक गट पूर्ण अंधारात. एकाला फक्त विजेचा उजेड. एकाला फक्त दिवसाचा. चौथ्याला दिवसभर दिवसाचा आणि वर रात्री अकरापर्यंत विजेचा. अंधारातली पिवळी पडून मेली. फक्त विजेवरची फिकट हिरवी, पण जगली. उन्हातली गर्द हिरवी. आणि दोन्ही मिळालेली सगळ्यात जोमदार. मार्च १८८० मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि नुसतं बोलून थांबला नाही. ट्यूलिपच्या कळ्यांची कुंडी सभेत आणली, दिवा लावला आणि साधारण चाळीस मिनिटांत कळ्या उमलवून दाखवल्या. डेमो द्यावा तर असा.

पुढच्या हिवाळ्यात तो जोरात सुटला. काचघर, त्यात दिवा, आणि उजेड रात्रभर. ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेला वाटाणा १६ फेब्रुवारीला पिकला. डिसेंबरच्या मध्यावर आत ठेवलेल्या स्ट्रॉबेरीला १४ फेब्रुवारीला चवदार, रंगदार फळं आली. इंग्लंडमध्ये, फेब्रुवारीत! या सगळ्याला त्याने 'इलेक्ट्रो-हॉर्टिकल्चर' असं नाव दिलं. निष्कर्षही ठामपणे मांडला. वनस्पतींना चोवीस तासांत विश्रांतीची अशी गरज सर्वसाधारणपणे नसते. उत्तर नॉर्वेत उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तरी तिथलं धान्य मजेत पिकतं, हा त्याचा आणखी एक पुरावा.

एक बारीक तपशील मात्र मी वाचला आणि पुन्हा मागे जाऊन वाचला. हा अखंड उजेड अगदी अखंड नव्हता. रविवारची रात्र वगळून, असं त्याने स्वतःच नमूद केलं आहे. म्हणजे शेरवुडच्या वाटाण्याला आठवड्याची एक सुट्टी होती. ती नसती तर काय झालं असतं, याचा गट त्याने केलेला नव्हता.

सीमेन्सला एक गोष्ट मात्र लगेच दिसली. दिवा उघडाच काचघरात ठेवला तर जवळची पानं करपतात, मध्ये साधी काच धरली तर करपत नाहीत. आर्कच्या उजेडात अतिनील किरण भरपूर, आणि काच त्यांना अडवते. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात देहेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञालाही हेच दिसलं. अमेरिकेत कॉर्नेलमध्ये लिबर्टी हाइड बेली याने १८९१ मध्ये अहवाल काढला. लेट्यूस लवकर तयार होतो, पण पालक भाजी व्हायच्या आधीच तुऱ्यावर जातो. पालकाने असं का करावं, हे तेव्हा कुणाला नीट सांगता आलं नाही. उजेड जास्त झाला, एवढंच.

ते कोडं सुटायला तंबाखूचं एक आडमुठं झाड लागलं. अमेरिकेच्या शेती खात्यातले गार्नर आणि अॅलर्ड वॉशिंग्टनजवळ एका जातीवर काम करत होते. हे झाड उन्हाळ्यात नुसतं वाढायचं, पुरुषभर उंचीच्याही वर जायचं, पण फुलायचं नाही. फूल नाही तर बी नाही. तेच झाड हिवाळ्यात काचघरात मात्र निमूट फुलायचं. खत बदललं, पाणी बदललं, तापमान बदललं, काही फरक नाही. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी शेतात एक अंधारी खोपटी उभारली. दुपारी चारला कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं, आणि झाडाला दिवसाची लांबी कळते हे जगाला कळलं.

'दिवसाची लांबी' हे नाव पुढे चिकटलं, पण तेही पूर्ण बरोबर नव्हतं. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका रानटी झुडपावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये अंधार घुसवला तर त्याला काही वाटत नाही. लांब रात्रीच्या मध्ये मिनिटभर दिवा लावला की मात्र सगळा हिशोब बिघडतो, फुलं येत नाहीत. झाड दिवस मोजतच नव्हतं. रात्र मोजत होतं. आणि तीही सलग.

ख्रिसमस कॅक्टसचं उत्तर मला इथे मिळालं. मूळचा ब्राझीलच्या जंगलातला, झाडांवर वाढणारा निवडुंग. त्याला कळ्या धरायला बारा तासांहून मोठी, सलग काळोखी रात्र लागते, आणि ती काही आठवडे रोज. मी त्याला पाच महिन्यांत एकही रात्र दिली नव्हती.

आता कुणी म्हणेल, निवडुंगाच्या रात्रीत दिवा घुसवून पैसे कमावणारे लोक आहेतच की. आहेत. ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच. आता आपल्याकडे सांगली-सोलापूरच्या बाजूलाही त्याच्या बागा दिसतात. त्याची तऱ्हा उलटी, त्याला फुलायला लहान रात्र हवी. दक्षिण व्हिएतनाममध्ये फान थिएतच्या परिसरातले शेतकरी थंडीत बागेभर बल्ब टांगतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास काही तास लावतात. झाडाला वाटतं उन्हाळा आला, आणि बिगरहंगामी फळं धरतात. पण या बल्बचा उजेड झाडाचं पोट भरण्यापुरता नसतोच. तो निरोप आहे, जेवण नाही. माझ्या प्रखरता गुणिले तास या गणितात हा फरक कुठे बसतच नव्हता. मी रात्रभर मंद जेवण वाढतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात रात्रभर "अजून रात्र झालेली नाही" हा निरोप पाठवत होतो.

इथवर आलो तेव्हा वाटलं, ठीक आहे, हा फुलांचा प्रश्न झाला. बाकीच्या एकवीस निवडुंगांच्या फुलांची मला घाई नाही. त्यांना उजेड देत राहू. पण मग एक दुसरा माणूस सापडला. सीमेन्सच्या पासष्ट वर्षं आधीचा, आणि तोही चक्क इथला, म्हणजे निदान इथे राहिलेला.

बेंजामिन हाइन. जर्मन. मोरावियन मिशनचा म्हणून तरंगंबाडीला आला, ते तेव्हा डेन्मार्कचं ठाणं होतं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. आंध्रात सामलकोटला कंपनीची बाग होती ती सांभाळली, टिपू पडल्यावर बंगळूरचा लालबाग काही काळ त्याच्या ताब्यात होता, म्हैसूरच्या सर्वेक्षणातही तो होता. १८१९ मध्ये मद्रासला वारला. या माणसाचं एक छोटं पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये छापलं. पत्र पानफुटीबद्दल आहे. तीच पानफुटी, जिचं पान वहीत ठेवलं की कडांना पिल्लं फुटतात, आणि जी शाळेत सगळ्यांनी एकदा तरी मारून टाकलेली असते. (तिकडे जर्मनीत महाकवी गटेला तिचं भारी वेड, मित्रांना पिल्लं वाटत असे.)

हाइन लिहितो की या झाडाची पानं सकाळी चांगलीच आंबट लागतात, सॉरेलइतकी किंवा त्याहून जास्त. सॉरेल म्हणजे आपल्या चुक्याचीच बहीण. दिवस चढतो तसा आंबटपणा कमी होतो, दुपारी पान बेचव लागतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. बस, एवढंच निरीक्षण. पण विचार करा, या माणसाने एकाच झाडाचं पान सकाळी चावलं, दुपारी चावलं, संध्याकाळी चावलं, आणि फरक लिहून ठेवला. पानफुटी त्याच्या आधी हजारो लोकांनी औषध म्हणून वापरली असेल. एकाच दिवशी तीनदा चाखायचं कुणाला सुचतं?

कारण सांगताना मात्र तो घसरला. त्या काळचं रसायनशास्त्र असं होतं की प्राणवायूनेच आम्ल बनतं. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच मुळी आम्ल तयार करणारा. तेव्हा हाइनने मांडलं की पान रात्री प्राणवायू घेतं म्हणून आंबट होतं आणि दिवसा तो सोडतं म्हणून आंबटपणा जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग अचूक पकडला, रूट कॉज चुकलं. १८०४ मध्ये जिनिव्हाच्या द सोसूरलाही निवडुंगाच्या फड्या अंधारात हवेतला वायू शोषून घेतात हे दिसलं होतं. या सगळ्याची नीट साखळी जुळायला विसावं शतक उजाडलं, आणि तिला नाव मिळालं ते पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन तिला कॅम म्हणतात.

साखळी अशी. आंबा, वाटाणा, मोहरी, म्हणजे बहुतेक सगळी झाडं, दिवसा पानांची रंध्रं उघडतात, कार्बन डायॉक्साइड आत घेतात आणि लगेच उन्हात त्याची साखर करतात. रंध्रं उघडी म्हणजे पाणीही उडणार. ओल्या जमिनीत हे परवडतं. वाळवंटात भर दुपारी रंध्रं उघडणं म्हणजे आत्महत्या. म्हणून निवडुंग, घायपात, कोरफड, अननस, पानफुटी यांनी कामाच्या वेळाच बदलल्या. रंध्रं रात्री उघडायची, हवा गार असताना. आलेला कार्बन डायॉक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात, कच्च्या सफरचंदात असतं तेच, पेशींतल्या पिशव्यांमध्ये साठवायचा. पहाटेपर्यंत टाक्या भरतात, म्हणून पान आंबट. सकाळी दारं बंद. मग दिवसभर बंद दाराआड ते आम्ल मोडून कार्बन डायॉक्साइड सोडवायचा आणि उजेडात साखर करायची. संध्याकाळी टाकी रिकामी, पान बेचव.

म्हणजे आईही चुकली आणि सीमेन्सही. निवडुंग रात्री झोपत नाही. रात्रपाळी करतो. रोजचा कच्चा माल रात्रीच भरला जातो, आणि दिवसा किती साखर होणार याला बराचसा लगाम त्या टाकीचा असतो. टाकी संपल्यावर मी आणखी दहा तास दिवा जाळला तर तो कशावर काम करणार?

पूर्ण खरं सांगायचं तर प्रकरण इतकं करकरीत नाही. पाणी भरपूर असेल तर यातली बरीच झाडं दुपार उलटल्यावर थोडी दारं उघडतात आणि थेट साखर करतात. शिवाय झाडात आतलं घड्याळ असतं. अखंड उजेडात ठेवलेल्या पानफुटीच्या जातभाईंमध्येही वायू घेण्याची लय काही दिवस चालू राहते आणि मग हळूहळू बोथट होत जाते. त्यामुळे माझे निवडुंग गुदमरून मेले वगैरे नाहीत. रात्र गार असली तर आम्ल चांगलं साठतं, हाही एक मुद्दा, आणि माझ्या रॅकवर एलईडीच्या ऊबेमुळे रात्र गारही नव्हती. मी वीजबिल वाढवलं आणि त्यांची रात्रपाळी बिघडवली, एवढं नक्की.

गंमत अशी की मधल्या काळात दिवे मात्र सुधारत गेले. १९३८ मध्ये ट्यूबलाईट बाजारात आली आणि थंड देशांतल्या हौशी लोकांनी तळघरांत फळ्यांवर झाडं लावली. उजेड थंड, त्यामुळे दिवा झाडाजवळ आणता आला, हा मोठा फायदा. मग खास झाडांसाठीच्या गुलाबी ट्यूब निघाल्या. १९७२ साली मॅक्री याने बावीस पिकांच्या पानांवर एकेक रंग टाकून मोजमाप केलं आणि दाखवलं की हिरवा उजेडही पानं बऱ्यापैकी वापरतात. तरी १९९१ मध्ये विस्कॉन्सिनला लाल एलईडीवर लेट्यूस वाढवला गेला, १९९३ मध्ये जपानमध्ये झगझगीत निळी एलईडी जमली (तिला २०१४ चं नोबेल), आणि लाल-निळ्याचा तो जांभळा रंग झाडांच्या दिव्याची ओळख होऊन बसला. आमच्या ओळखीत एकाने हॉलमध्ये तो लावला, तर सोसायटीच्या वॉचमनने येऊन विचारलं, काही कार्यक्रम आहे का. साधा पांढरा लावा, झाडाला चालतो आणि रोग पडला तर दिसतो तरी.

दीडशे वर्षांत उजेड सुधारायला केवढी डोकी लागली! अंधार फुकट होता, म्हणून त्याचा विचार सर्वांत उशिरा झाला.

हे सगळं वाचून झाल्यावर हाइनचा प्रयोग करणं भागच होतं. खिडकीतली पानफुटी सकाळी सहाला जिभेच्या टोकाला लावली. आंबट, अगदी चुका. संध्याकाळी सातला लावली, तर काहीच नाही. (लावून थुंकायचं बरं का, गिळायचं नाही. या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरं मेलेली आहेत.) मग जिभेवर भरवसा नको म्हणून पीएचच्या कागदी पट्ट्या आणल्या. खिडकीतलं पान सकाळी चारच्या आसपास, संध्याकाळी पाचच्या पुढे. चोवीस तास उजेडात ठेवलेल्या रॅकवरच्या दुसऱ्या कुंडीतलं पान सकाळी आणि संध्याकाळी जवळपास एकाच रंगाचं. दोन कुंड्या आणि चार पट्ट्या म्हणजे काही पुरावा नव्हे, मला माहीत आहे. पण त्याच रात्री रॅकचं बटण बंद केलं.

आता एलईडीच्या पट्ट्या दुप्पट केल्यात आणि टायमर आणलाय. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. खिडकी रात्री उघडी ठेवतो, गारव्यासाठी. गोल निवडुंगांची निमुळती डोकी तशीच राहणार, ती परत गोल होत नाहीत, पण वरची नवीन वाढ जाडसर आणि हिरवी येते आहे. ख्रिसमस कॅक्टसला बारा तासांची रात्र पुरायची नाही म्हणून तो बेडरूमच्या खिडकीत हलवला. तिथे रस्त्यावरचा नवा दिवा रात्रभर थेट त्याच्यावर पडतो, हे चार दिवसांनी लक्षात आलं. जाड पडदा शिवायला टाकलाय. शिंपी गुरुवारी देतो म्हणालाय.